बोर्ड कुणी जाळला

टक् झालं. आवाज मोठा न्हाय, दाताखाली फुटाणा फुटावा तेवढा. काचेच्या पेटीतला पंखा अर्धा फेरा फिरला, थांबला, आणि आतनं धुराची एक दोरी वर आली. ती एवढी बारीक हुती की आईला वाटलं उदबत्तीचीच हाय, तिनं परत एकदा हात जोडलं. माझं बोट अजून बटणावर. समोर स्टँडवर मोबाईल, त्यात रेकॉर्डिंग चालू, म्हंजे त्या वेळी माझं थोबाड कसं झालतं ते कायमचं साठलेलं हाय. मागं पप्पा, हातात नारळाचं अर्धं. पिराजीमामा खुर्चीतनं पुढं वाकून म्हणला, "झाला चालू?" मग वास आला. ह्यो वास मी झोपेतबी ओळखीन. पप्पा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला मेंटेनन्स फिटर हायत, तिकडं एखादी मोटर जळली की त्या दिवशी त्यांच्या शर्टाला ह्योच वास असायचा. लहान हुतो तवा मी त्या शर्टात नाक घालून उभा ऱ्हायचो आणि मला वाटायचं, बाप म्हंजे असाच वास. आज तोच वास आमच्या सोप्यात, म्हंजे बाहेरच्या खोलीत, हार घातलेल्या कॉम्प्युटरमधनं येत हुता, आणि माझ्या पोटात भीतीच्या आधी दुसरंच कायतरी झालं. कायतरी हलकं. ते काय हुतं ते मी त्या वेळी बघितलं न्हाय. त्या वेळी मी वायर उपसली आणि वरडलो, "हात कुणी लावला ह्येला?"

कारण ठरलंतं तसं. महिन्यापूर्वी जेवताना पप्पा म्हणलंतं, "एक तारखेपासनं फौंड्रीत हेल्पर म्हणून घ्यायला तयार हायत. मी साहेबांशी बोललोय." मी म्हणलो, मी येणार न्हाय, मी कॉम्प्युटर जोडणार, एडिटिंगची कामं घेणार, लग्नाचं व्हिडिओ, तालमींच्या मिरवणुका, लय काम हाय गावात. पप्पांनी भाकरी मोडली. ते भाकरी मोडतात तवा कळत न्हाय रागात हायत का भूक लागलीय. "जोडून दाखव," म्हणलं. "सगळ्यांच्या समोर चालू झाला तर फौंड्रीचं नाव काढणार न्हाय. न्हाय झाला तर एक तारखेला डबा घिऊन माझ्या मागं गाडीवर बसायचं." आई म्हणली, "जेवताना पैजा लावता व्हय." पण लागली ती लागली. आणि मी काय गप बसणारा न्हाय. उचगावच्या कट्ट्यावर बसणाऱ्या एकेका पोराला सांगत सुटलो. कुणी विचारलं न्हाय त्यालाबी सांगितलं. प्रोसेसर एकाकडनं जुना घेतला, करंट देणारा सप्लायचा डबा दुसऱ्याकडनं, बोर्ड तेवढा नवा, राजारामपुरीतल्या अझीमभाईच्या दुकानातनं. बोर्ड म्हंजे ती हिरवी-काळी पाटी, जिच्यावर बाकी सगळं बसतं. कॉम्प्युटरची काचेची पेटी आणली त्या दिवशी मी ती उशाला घिऊन झोपलो. आणि रविवारचा मुहूर्त काढला आईनं, नारळ आणला पप्पांनी, आणि मटण आणलं मामानं, कबनूरासनं येता येता, म्हंजे तांबडा-पांढरा रस्सा दोन्ही.

"मी फकस्त काचेला कुंकू लावलं हो," आई म्हणली. "आत बोट बी घातलं न्हाय."

"मग हे लिंबू?"

"लिंबू खाली हाय, पेटीच्या खाली. लिंबानं कुठं जळतंय व्हय काय?"

मामा म्हणला, "नारळाचं पाणी उडालं असंल. दाजी, तुमी नारळ पेटीपाशीच फोडला."

"मी उंबऱ्यावर फोडला," पप्पा म्हणलं. "पंचवीस मशिनींचं नारळ फोडल्यात मी. एकीवर थेंब उडाला न्हाय."

"मग फेज उलटा असंल."

"काय फेज उलटा? पंखा फिरला की अर्धा!" मी म्हणलो.

"उलटा फिरला का सुलटा, ते बघितलं का?"

पिराजीमामा कबनूरात कापडाच्या मागावर जॉबर हाय. माग बंद पडला की तो दुरुस्त करणारा माणूस म्हंजे जॉबर. मामाचं सगळं शास्त्र ठोकण्यात हाय. माग बंद पडला, ठोक. पंप बंद पडला, ठोक. त्याच्या मोबाईलचा आवाज येत न्हाय तवा तो मोबाईल मांडीवर आपटतो आणि खरंच येतो आवाज, हे मी स्वतः बघितलंय. तो उठला आणि आमी कुणी हात धरायच्या आधी त्यानं पेटीच्या डोक्यावर एक चापट दिली. झेंडूचं फूल पडलं. दुसरं काय झालं न्हाय. "आमचं माग दोन चापटीत चालू होतंय," म्हणला आणि परत खुर्चीत बसला आणि लगेच "आयाया" करत उठला. कारण ती खुर्ची. आमच्या प्लास्टिकच्या खुर्चीला बसायच्या जागी मधी एक भोक हाय, समद्या खुर्च्यांना असतंय. पप्पांनी त्यात नट-बोल्ट बसवलाय. वायसरसकट. पप्पांना रिकामं भोक बघवत न्हाय. भिंतीतनं खिळा काढला तर त्यात लाकडाची खुंटी ठोकणार. शेगडीचा एक स्क्रू पडलाता तर ते दुकानं पालथी घालून तसलाच स्क्रू घिऊन आलं. फौंड्रीत त्यांचं नाव हाय त्याच्यासाठी. एक बोल्ट कमी असला तर मशीन थरथरतंय, आणि थरथरलं की कुणाचातरी हात जातोय, असं ते सांगतात, आणि सांगताना स्वतःच्या हाताकडं बघतात. त्यामुळं आमच्या घरात रिकामं भोक एक न्हाय आणि त्या खुर्चीवर फकस्त पावण्यांनाच बसवतात.

मी पेटीच्या पॅकिंगच्या थर्माकोलला लाथ घातली. त्याचं दोन तुकडं झालं आणि सोपाभर पांढरं कण उडालं, मामाच्या मिशीत पण दोन बसलं. "उचल ते आधी," आई म्हणली. मी उचललं न्हाय. मी पेटीसमोर मांडी घातली. राग आला की माझी नजर धारदार हुती, लहानपणापासनं. सगळं बारीक बारीक दिसाय लागतंय, कुंकवाचा कण कुठं सांडलाय, कुठल्या स्क्रूच्या डोक्याला ओरखडा हाय. पहिलं सप्लायला नाक लावलं. जळकट वास न्हाय. तेजस्वी, म्हंजे माझी धाकटी बहीण, दारात उभी राहून बघालती. तिला म्हणलो, केसातली पिन दे. सप्लायच्या मोठ्या फणीत हिरवी आणि काळी वायर पिनेनं जोडली की सप्लाय एकटाच चालू होतो, म्हंजे तो जिता हाय का मेला ते कळतं. तिनं पिन दिली, पण सुखासुखी न्हाय. "विद्युतधारेचे परिणाम," म्हणली. "चौथा धडा. दाद्या, तू तिसऱ्यालाच शाळा सोडलीस न्हाय का?" औंदा ती दहावीत हाय. म्हंजे मी जिथं थांबलो तिथं ती आली, आणि पुढच्या साली माझ्या पुढं जाणार. माझ्या जुन्या पुस्तकावर मी काढलेल्या मिशा तिनं खोडरबरनं पुसल्यात. पिन जोडली, सप्लायचा पंखा भिरभिर फिरला. मामानं टाळी वाजवली. "झाला की!" "ह्यो सप्लाय हाय मामा." "मग काय, सुरवात तर झाली."

आमच्या शाळेत विज्ञानाचं एक कपाट हुतं. काचेचं. आत बल्ब, वायरी, तांब्याच्या पट्ट्या, एक होकायंत्र, सगळं ओळीनं मांडलेलं, आणि कपाटाला कुलूप. सर त्या कपाटाकडं बोट करून म्हणायचं, "असा बल्ब घ्यायचा, अशी वायर जोडायची, की असा पेटतो. काढा आकृती." आमी आकृती काढायचो. माझ्या वहीत बल्ब एवढा झ्याक पेटायचा की त्याला किरणं पण काढायचो, पिवळ्या पेन्सिलनं. मग एकदा मधल्या सुट्टीत मी कुलूप उघडलं. मोडलं न्हाय, उघडलं, तारेनं. खरा बल्ब पेटवला. तो वहीतल्यापेक्षा मिणमिणता हुता पण खरा हुता, बोटाला गरम लागत हुता. सरांनी मागनं येऊन कानाखाली जाळ काढला आणि म्हणलं, "नाव आदर्श ठेवलंय म्हणं." पोरं हसली. मी दप्तर उचललं आणि घरी आलो. परत गेलो न्हाय. पप्पा दोनदा जाऊन सरांना भेटलं, आई रडली, पण मी हटलो न्हाय. पिन हातात धरून मला तो बल्ब आठवला आणि वाटलं, त्या दिवसासनं मी दुसरं कायतरी पेटवायला बघतोय आणि पेटलं ते हे. धूर.

"रस्सा गरम करू का?" आईनं आतनं विचारलं. तिचा ह्योच प्रश्न दहा-बारा वेळा आला असंल, आणि दर वेळी मामा म्हणायचा, "कर की," आणि पप्पा म्हणायचं, "थांब."

मग रॅम काढली, फुंकली, परत बसवली. प्रोसेसर उचलून बघितला, त्याच्या पिना सरळ. मग उरला बोर्ड. त्याचं स्क्रू काढलं, दोन्ही हातांनी उचलला, उलटा केला. पाठीवर, मधी, जिथं भोक न्हाय तिथं, एक काळी बांगडी. बारीक. करंगळीच्या नखाएवढी. मधनं तांब्याची एक रेघ फुगून फुटलेली. मी पेटीत बघितलं. बोर्ड पेटीच्या पत्र्याला टेकू नये म्हणून त्याच्याखाली पितळी खुट्या असतात. बोर्डाला जिथं भोक असतं तेवढ्याच ठिकाणी त्या लावायच्या. पेटीला आट्याची भोकं जास्त असतात, कारण पेटीत लहान बोर्ड पण बसतो आणि मोठा पण. बाकीची भोकं रिकामी सोडायची. रिकामी. मी सोडलीती. आता एक पण रिकामं नव्हतं. सगळ्या भोकांत खुट्या, पान्यानं आवळलेल्या, एका उंचीत, सैनिकासारख्या. त्यातली एक काळी पडलेली.

आणि मला शनिवार दिसला. पप्पा कामावरनं आलंतं, चहा घिऊन पेटी मांडीवर घिऊन बसलंतं, चष्मा लावून. मी गाडीला किल्ली लावत हुतो, दुसऱ्या दिवशी येणाऱ्या मामासाठी पानं आणायला चाललोतो. मला वाटलं पुसालेत. फडकं हुतं हातात. मला त्यांचं ते पुसणं बघून बरंबी वाटलं आणि रागबी आला, दोन्ही. हे कशाला पुसालेत, हे माझं हाय, असं. आणि सकाळी बोर्ड बसवताना मी खाली बघितलंच न्हाय. माझी नजर घारीची, पण त्या वेळी ती मोबाईलमधी हुती. रेकॉर्डिंगमधी माझं हात कसं दिसालेत ते मी बघालतो. बाह्या मुद्दाम दुमडल्याल्या.

तर हे हातात आलं. असं कवा आलं नव्हतं. जन्मल्यापासनं मी ह्या माणसाची एक चूक सापडायची वाट बघालोय. नळ ते दुरुस्त करतात, गाडी ते खोलतात, शेजाऱ्याची पिठाची चक्की पण तेच बघतात, आणि मी मागं बॅटरी धरून उभा, आणि बॅटरी हलली की "सरळ धर." आणि आज समद्यांसमोर, मामासमोर, जळलेली बांगडी माझ्या हातात. एक वाक्य बोलायचं हुतं. "पप्पा, ही तुमी बसवली." पैज मिटली असती. मी तोंड उघडलं. पप्पा माझ्यासमोर उभं हुतं, चष्मा शर्टाला पुसालतं, चष्मा काढला की त्यांचं डोळं लहान दिसतात, झोपेतनं उठवल्यासारखं. "काय घावलं?" म्हणलं. आणि मी म्हणलो, "पीस खराब हाय. कंपनीतनंच." आणि बोर्ड सुलटा केला.

का म्हणलो? तवाच मला कळलं की टक् झाल्यावर पोटात हलकं झालं ते काय हुतं. सुटलो, असं झालतं. महिनाभर मी सगळ्यांना सांगत सुटलोतो की कॉम्प्युटर चालू झाला की बघा. आणि कोण विचारत नव्हतं, पण मी स्वतःला विचारत हुतो, काय बघा? लग्नाचा व्हिडिओ मी एक कापलाय, मोबाईलवर, त्यात नवरदेवाचं डोकं गेलं. जळला तर बोर्ड जळला, आदर्श न्हाय जळला. असलं कायतरी पोटात हुतं आणि ते पितळी खुटीपेक्षा बारीक हुतं, पण माझ्या आत शॉट त्यानंच लावलाता. असल्या पोटानं मी बापाकडं बोट दाखवणार हुतो.

"खराब पीस?" पप्पा म्हणलं. त्यांचा आवाज चढला. "आमच्या पोराला खराब पीस दिला? चल."

"कुठं?"

"दुकानात. रविवारचं बारापर्यंत उघडं असतंय. घे तो बोर्ड."

"पप्पा, ऱ्हाऊ दे, मी जातो उद्या."

"चल म्हणलो न्हवं!"

"मीबी येतो दाजी," मामा उठला. "तुमी बसा, पावणं. जेवा," पप्पा म्हणलं. मामा बसला. "आयाया."

गाडीवर मी दोनदा बोलायचं बघितलं. पप्पा गाडी चालवताना ऐकत न्हाईत, हेल्मेटमधी स्वतःशीच भांडत असतात. टेंबलाईच्या उड्डाणपुलावर वाऱ्यात मला तुकडं ऐकू येत हुतं, "फसवायला... पोरगं बघून... रिजेक्शन माल..." मी मागनं म्हणलो, "पप्पा, तसं न्हाय ते." "काय?" "काय न्हाय." बोर्ड मी पिशवीत छातीशी धरलाता आणि तो जळकट वास परत माझ्या नाकात, आणि पुढं त्यांचा शर्ट, त्याला आज धुण्याच्या साबणाचा वास. अदलाबदल झाल्यागत.

अझीमभाई दुकानात एकटा हुता, भडंग खात. त्यानंच मला ह्या खुट्या दाखवल्यात्या, कुठल्या लावायच्या आणि कुठल्या न्हाय. पप्पा दारातनंच सुरू झालं. "काय पावणं, आमच्या पोराला जळका माल देतासा व्हय?" दुकानात दोन कॉलेजची पोरं हुती, ती बाजूला झाली. "काका, बसा की. चहा सांगू?" "चहा नको, बोर्ड दे दुसरा!" अझीमभाईनं भडंगाची पुडी बंद केली, हात पुसलं, बोर्ड घेतला. मी त्याच्या हाताकडं बघालतो. उलटा करू नको, उलटा करू नको. त्यानं उलटा केला. दिव्याखाली धरला. बांगडीवर बोट ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं.

"ह्येच्याखाली खुटी हुती," म्हणला. "भोक न्हाय तिथं. कुणी बसवली?"

"मी," मी म्हणलो.

एवढं पटकन निघालं की मलाच ऐकू आल्यावर कळलं.

"तू? अरे, तुला मी बोट लावून सांगितलंतं."

"विसरलो."

"विसरणारा हायस व्हय तू? त्या दिवशी मलाच चार प्रश्न उलटं घातलंस."

पप्पांनी बोर्ड हातात घेतला, चष्मा वर केला, बांगडी बघितली, अंगठा लावून मधलं अंतर मोजलं, कास्टिंगला चीर पडली की मोजतात तसं. लय वेळ. मग ते म्हणलं, "न्हाय. मी बसवली." आणि अझीमभाई कायतरी म्हणणार तेवढ्यात त्यांचा आवाज परत वर गेला, पयल्यापेक्षा वर. "मी बसवली, व्हय! आणि का बसवू नये? भोक हाय. भोकाला आटं हायत. पाकिटात खुट्या हायत. बसवायच्या न्हाईत तर दिल्या कशाला?"

"काका, पेटी सगळ्या साईजच्या बोर्डासाठी असती..."

"मग लिव्ह की वर! आमच्याकडं वापरायचं नसलं भोक की त्याला लाल रंग मारतो आमी. आंधळ्यालाबी कळतंय."

अझीमभाईनं जरा विचार केला. "बरोबर हाय काका," म्हणला. "रंग मारायला पायजे."

"मग आण."

आणि त्यानं खरंच लाल मार्कर काढला. पप्पा दुकानात खाली बसलं, मांडी घालून, आणि शोकेसमधल्या पेट्या एकेक उघडून अझीमभाईला विचारत, "हे लागतंय? हे?" करत रिकाम्या भोकांवर लाल ठिपकं द्यायला लागलं. कॉलेजची पोरं पण वाकून बघाय लागली. कुठंबी 'चुकलं' हा शब्द आला न्हाय. मी वाट बघालतो त्या शब्दाची, सवयीनं. पण पप्पांची मान वाकलेली आणि मानेवर घाम, आणि मला वाटलं, नको आता, ऱ्हाऊ दे.

पप्पांनी पैसं देऊन नवा बोर्ड घेतला. परत येताना राजारामपुरीच्या सिग्नलला गाडी थांबली. ऊन डोक्यावर. मी म्हणलो, "मग एक तारखेला डबा?"

"कशाचा डबा?"

"पैज. चालू झाला न्हाय की."

"रिजेक्शन ज्याच्या शिफ्टला, त्याच्या नावावर," पप्पा पुढं बघत म्हणलं. "शिफ्ट माझी हुती. तू जोडून दाखव परत." मग मान जरा मागं वळवली. "तुला फौंड्रीत यायचंय का?"

"न्हाय."

"मग 'मी' कशाला म्हणलास?"

तुमच्यासाठी म्हणलो, असं ओठांवर आलं. चांगलं वाक्य हुतं. आणि अर्धं खरंबी हुतं. पण ह्या माणसाला अर्धा आवळलेला बोल्ट हाताला लागतो, बघावा लागत न्हाय. सिग्नलवरचं लाल आकडं कमी कमी होत चाललंतं.

"भ्या वाटतंय," मी म्हणलो.

"कशाचं?"

"चालू झाला तर त्येच्यावर काय करायचं, त्येचं. मला काय येतंय का न्हाय, मलाच म्हाईत न्हाय पप्पा."

हिरवा लागला. गाड्या सुटल्या. आमची न्हाय. पप्पांनी हेल्मेट काढलं, गाडी पायावर तोलून धरली आणि कान माझ्याकडं केला. मागनं एक टेम्पोवाला हॉर्न वाजवाय लागला, त्याच्या मागं दुसरा, एक बाई स्कूटीवरनं वरडली, रिक्षावाल्यानं मुंडी बाहेर काढून आमच्या खानदानाची चौकशी केली. पप्पा सगळ्या रस्त्याकडं वळलं आणि मशीन शॉपमधी वरडतात तसं वरडलं,

"थांबा की लगा! पोरगं बोलालंय हितं!"